‘नुसती मॅनेजर’ म्हणतात, म्हणून काय झालं?

सप्रेम सलाम.

तुझं पत्र वाचलं. पदवीचं शेवटचं वर्ष. मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाची तू चिटणीस. शिबिराचं वेळापत्रक, जमाखर्च, गाड्या, सगळं तुझ्याकडे. व्यासपीठावर बोलतो तुझा मित्र. त्याला सगळे ‘पुढारी’ म्हणतात आणि तुला ‘नुसती मॅनेजर’. त्यात मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी सांगितलंय, व्यवस्थापन हे जगिक शिक्षण, तू ख्रिस्ती नेतृत्वाचा डिप्लोमा कर. तुझं मन एमबीएकडे. देवाच्या दृष्टीने यातलं वरचं कोणतं, असं तू विचारतेस.

ही उतरंड पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, मला तरी कुठे सापडत नाही. कामं मात्र वेगळी आहेत. कुठे जायचं हे ठरवणं, लोकांना ते पटवणं, धास्ती असतानाही आधी आपण निघणं हे नेतृत्व. तिथवर पोचायला माणसं, पैसा आणि वेळ यांची सांगड घालणं हे व्यवस्थापन. मोशेने इस्राएल लोकांना मिसरातून (इजिप्तमधून) बाहेर काढलं, आणि मग सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच त्यांचे तंटे सोडवत बसला. सासरा इथ्रो याने ते पाहिलं आणि स्पष्ट सांगितलं, हे बरं नाही, तूही थकशील आणि लोकही. मग हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर अधिकारी नेमले गेले (निर्गम 18). कर्तबगारीबरोबर देवाचं भय, सत्याची चाड आणि लाचेचा तिटकारा, अशी त्यांची पात्रता होती. कारकुनी कामासाठी एवढं कोण मागतं?

तुझे वडीलधारे बहुधा प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 पुढे करतील. देवाचं वचन सोडून आम्ही पंगतीची सेवा करणं ठीक नाही, असं प्रेषित, म्हणजे येशूने निवडलेले शिष्य, तिथे म्हणतात. खरं आहे. पण त्याच्या अलीकडचं-पलीकडचंही वाचायला हवं. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं, म्हणून कुरकुर सुरू झाली होती. त्यावर प्रेषितांनी प्रवचन दिलं नाही, व्यवस्था लावली. सात जण निवडले. अट होती ती पवित्र आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण असण्याची. सातही नावं ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची तक्रार होती बहुधा त्यांच्याच हाती वाटप गेलं. व्यवस्थापनाचा इतका शहाणा निर्णय आजही क्वचित दिसतो! आणि त्या सातांतलाच स्तेफन पुढे मंडळीचा पहिला रक्तसाक्षी झाला, विश्वासासाठी जीव दिला.

गावोगावी मंडळ्या उभ्या करणाऱ्या पौलाचंही बघ. यरुशलेमच्या गरजूंसाठी जमवलेला निधी त्याने एकट्याने नेला नाही, मंडळ्यांनी नेमलेली माणसं सोबत घेतली. कोणी बोट दाखवू नये, प्रभूपुढेच नाही तर माणसांपुढेही व्यवहार चोख दिसावा, असं कारण त्याने लिहून ठेवलंय (2 करिंथ 8). हिशेब मागितला की ‘विश्वास नाही का?’ म्हणणारे पुढारी मी पाहिलेत. त्यांच्यापासून चार हात लांब राहा.

आता तुझ्याबद्दल. शिबिराला उशिरा नाव देणाऱ्यांना तू सरसकट वगळतेस, असं तूच लिहिलंयस, थोड्या अभिमानानेच. शिस्त हवीच, पण त्यांतल्या एकाला तरी कारण विचारलंस का? ‘तुमच्यात जो मोठा होऊ पाहतो त्याने सेवक व्हावं’ (मार्क 10) हे व्यासपीठावरच्या मित्राला जितकं लागू, तितकंच यादी हातात असणारीलाही. मंडळीत अधिकार गाजवायला माइकच लागतो असं नाही, रजिस्टरही पुरतं.

माझा सल्ला: आधी एमबीए. वित्त किंवा मनुष्यबळ, यातलं काय आवडतं ते तू ठरव. तुझ्या पत्रावरून मला वित्त दिसतं. मग दोन-तीन वर्षं नोकरी. मिशन रुग्णालय किंवा मदतकार्य करणारी संस्था चालेल, साधी कंपनीही चालेल. योसेफाने मिसरचा राजा फारो याच्या दरबारातच सात वर्षांच्या सुकाळात धान्य साठवून दुष्काळाची तयारी केली होती. नेतृत्वाचा डिप्लोमा त्यानंतर. हाताखाली माणसं घेऊन काम केल्यावर त्यातला प्रत्येक धडा कुणाच्या तरी चेहऱ्यासकट कळतो. त्या डिप्लोमाला कुठली मान्यता आहे आणि तो केलेले आज काय काम करतात, एवढं मात्र फी भरण्याआधी विचार.

या वर्षी संघात एक बदल कर. हिशेब दुसऱ्या कुणाला शिकव आणि नव्याने येणाऱ्या मुलामुलींचा एक छोटा गट स्वतः सांभाळ. जमतंय का, रुचतंय का, ते कळेल.

आणि प्रवेशाच्या मुलाखतीत ‘मला नेतृत्वाची आवड आहे’ असं मोघम बोलू नकोस. शिबिराचं सांग. पैसे कमी पडले तेव्हा कशाला कात्री लावली, कशाला लावली नाही, आणि का.