कांजिण्या एकदाच होतात, मग ही नागीण कुठून आली?

प्रश्न: सासूबाईंना लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यात. आता ७१व्या वर्षी कमरेवर नागीण उठली आणि डॉक्टर म्हणतात व्हायरस तोच. एकदा झालेला आजार शरीर लक्षात ठेवतं ना? मग ती आठवण पुसली कशी? – एक वाचक, कोथरूड

उत्तर: पुसली नाही हो, विरळ झाली. या आठवणीतला मोठा वाटा टी सेल्सचा, म्हणजे व्हायरसशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा. एखाद्या व्हायरसचा तुकडा ओळखणाऱ्या कोऱ्या टी सेल्स शरीरात आधी अगदी मोजक्याच असतात, डेंड्रिटिक सेल (असे तुकडे गोळा करून टी सेल्सना दाखवणारी पेशी) तो तुकडा घेऊन लिम्फ नोडमध्ये येते (काखेत, मानेत आजारपणात सुजतात त्याच गाठी), तिथे जुळणारी टी सेल भेटली आणि धोक्याचा दुसरा सिग्नलही मिळाला तरच ती जागी होते, नुसता तुकडा दाखवून भागत नाही. मग दिवसातून दोन-तीनदा विभागत आठवडाभरात एकीच्या हजारो होतात. या इफेक्टर सेल्स, अंगभर पसरून इन्फेक्शन झालेल्या पेशी मारतात.

व्हायरस आटोक्यात आला की यातल्या ९० टक्क्यांहून जास्त काही आठवड्यांत मरतात. विसर्जन संपल्यावर अलका चौकातला बंदोबस्त उठतो, चौकीपुरते पोलिस राहतात, तसंच. कोण राहणार हे बरंचसं आधीच ठरत जातं: टी-बेट प्रोटीन जास्त असलेल्या लढून संपतात, टीसीएफ-१ हे दुसरं प्रोटीन टिकवून धरणाऱ्या मेमरी सेल्स, म्हणजे आठवण ठेवणाऱ्या पेशी, होतात. (आधी इफेक्टर मग मेमरी, की वाटा सुरुवातीलाच फुटतात, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.) मेमरी सेल्स काही लिम्फ नोडमध्ये, काही रक्तात, काही थेट त्वचेतच ठाण मांडतात, आणि त्यांची लढायची जीन्स लगेच चालू होतील अशी तयार असतात, म्हणून पुढच्या वेळी आठवडा लागत नाही.

कांजिण्यांचा व्हायरस मात्र जातच नाही, मणक्याजवळ नसांच्या गाठींत दडून बसतो. त्याला दाबून ठेवतात त्या याच टी सेल्स आणि वयाबरोबर त्याच कमी पडतात, रक्तात अँटिबॉडी असल्या तरी. मग तो एका नसेच्या वाटेने बाहेर येतो, म्हणून फोड एकाच बाजूला पट्ट्यासारखे. दोन्ही तोंडं जुळली की माणूस दगावतो वगैरे काही नाही, गेरूही नको, व्हायरसविरोधी गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झालेल्या बऱ्या. ५० च्या पुढच्यांसाठी दोन डोसची लस मिळते, बरं वाटल्यावर डॉक्टरांना विचारा. फोड ओले आहेत तोवर तान्हं बाळ आणि कांजिण्या न झालेली गरोदर बाई जवळ नको, त्यांना नागीण नाही, कांजिण्याच होतील.