गाठ शोधणारं मशीन: तुमचे प्रश्न

'नेव्हिगेशन ब्रेस्ट सर्जरी'ची, म्हणजे स्तनातल्या गाठीत आधी खूण ठेवून ऑपरेशनात ती मशीननं शोधत गाठ काढायच्या तंत्राची, जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागल्यापासून तेच तेच प्रश्न येतायत, म्हणून एकदाच लिहून टाकते.

प्रश्न: मावशीची गाठ हाताला लिंबाएवढी लागते. नेव्हिगेशनवालंच हॉस्पिटल शोधायचं का?

नाही. हाताला लागणारी गाठ सर्जनलाही लागते. हे तंत्र मुख्यतः नुसत्या मॅमोग्राफीत किंवा सोनोग्राफीत दिसणाऱ्या गाठींसाठी आहे.

प्रश्न: वायरऐवजी सीडसाठी बरेच जास्त पैसे सांगितलेत. सीड नाही घेतलं तर कॅन्सर आत राहील म्हणतात.

कोण म्हणतं, सर्जन की पॅकेज विकणारा काउन्सेलर? वायर म्हणजे बहुतेकदा ऑपरेशनच्याच सकाळी गाठीत सोडलेली बारीक तार, आतलं टोक हुकासारखं अडकतं, बाहेरचं छातीवर चिकटपट्टीनं चिकटवतात आणि मग ऑपरेशन थिएटरमध्ये जाईपर्यंत जो तो बाईला हलू नका, हलू नका म्हणत असतो. चुंबकी सीड म्हणजे खुणेसाठी गाठीत ठेवायचा ५ मिमीचा धातूचा तुकडा, काही दिवस आधीच बसवता येतो, बाहेर काही लोंबत नाही, सर्जन वरून प्रोब, म्हणजे शोधायची कांडी, फिरवून शोधतो. सोय नक्कीच जास्त, पण अनुभवी हातात वायरनंही काम नीट होतं. त्यापेक्षा गाठ आणि खूण बाहेर आली का ते बघायला काढलेल्या भागाचा तिथल्या तिथे एक्स-रे काढता का, ते विचारा.

प्रश्न: आईची गाठ केमोनं गायबच झाली. आता पूर्ण स्तन काढू म्हणतात. नेव्हिगेशननं जागा सापडेल ना?

केमोच्या आधी क्लिप टाकली होती का? याचं उत्तर बहुतेक वेळा "कसली क्लिप?" असं येतं आणि माझं डोकं फिरतं. अहो, मशीन गाठ कुठे होती ते ओळखत नाही, आपण ठेवलेली खूण तेवढी शोधतं! तिळाएवढी टायटॅनियमची क्लिप, सोनोग्राफीत बघत, जागा बधिर करून सुईतून सोडायची, काही मिनिटांचं काम. आपल्याकडे कित्येक ठिकाणी साधी सर्जिकल क्लिप वापरून स्वस्तात भागवतात. पण केमो उद्याच सुरू करायची घाई असते, आणि काखेतल्या गाठीलाही खूण लागू शकते हे तर कुणी बोलतच नाही. गाठ दिसेनाशी झाली म्हणजे पेशी संपल्या असंही नाही, ऑपरेशन लागतंच. खूण नसेल तर जुनी मॅमोग्राफी, एमआरआय, उरलेले कॅल्शियमचे ठिपके यावरून कधीकधी जागा लागते, म्हणून सगळ्या सीडी घेऊन ब्रेस्ट सर्जनचं दुसरं मत घ्या. इटली आणि अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासांचे २० वर्षांचे निकाल २००२ मध्येच आलेत, योग्य पेशंटमध्ये स्तन वाचवून रेडिएशन दिलं तरी आयुष्य तेवढंच मिळतं. फक्त दुसऱ्या मतात महिने घालवू नका, शेवटच्या केमोपासून साधारण आठ आठवड्यांत ऑपरेशन व्हायला हवं. आणि ज्यांची केमो अजून सुरू व्हायचीय त्यांनी आजच डॉक्टरांना क्लिपचं विचारा.

प्रश्न: सुई टोचली की कॅन्सर पसरतो म्हणून बायोप्सी थांबवलीय.

नाही पसरत. शेजारणीचं ऐकून महिना गेला, उद्याच करून घ्या.

प्रश्न: पेसमेकर आहे, चुंबकी सीड चालेल?

पेसमेकरचं कार्ड घेऊन सर्जन आणि कार्डिओलॉजिस्ट दोघांना भेटा, इथे लिहून ठरवायची ही गोष्ट नाही.