एकरभर जागेतलं घर की सबडिव्हिजन (आखीव प्लॉटांची वसाहत)?

अमेरिकेत पहिलंच घर घेताय, तर 'एकर' ऐकून भुलू नका. एक एकर म्हणजे आपले ४० गुंठे. नुसतं गवत कापायलाही रायडिंग मोवर (वर बसून चालवायचं गवत कापण्याचं यंत्र) लागतो!

अशा जागेवर बहुधा विहिरीचं पाणी आणि सेप्टिक टाकी असते. नवखे इथेच फसतात: नेहमीच्या होम इन्स्पेक्शनमध्ये ही तपासणी बहुतेकदा नसते. ती सौद्याआधी वेगळी करून घ्या. पुढेही पाण्यातले कॉलिफॉर्म जिवाणू आणि नायट्रेट दरवर्षी तपासायचे, टाकी ३ ते ५ वर्षांनी उपसायची.

सबडिव्हिजनमध्ये हे व्याप सहसा नसतात, पण एचओए (घरमालकांची संघटना, आपल्या सोसायटीसारखी) असते. सहीआधी पाहा:
- कुंपण, शेड, घर भाड्याने देणं याचे नियम
- राखीव निधी; तो तुटपुंजा असला की जादा वर्गणी डोक्यावर बसते

मुलं शाळकरी असतील तर तूर्त सबडिव्हिजनच बघा.