डेकल लावायची घाई नको

ट्रॅकवर पळवायच्या तुझ्या छोट्या पोर्शे ९१७ मॉडेलचा फोटो पाहिला. फिकट निळा छान बसलाय, पण रंग मॅट आहे. त्यावर थेट डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचं पातळ चित्र, लावू नकोस. खडबडीत पृष्ठभागावर डेकलखाली हवा अडकते आणि कडेने चंदेरी झाक दिसते. आधी ग्लॉस क्लिअरचा, म्हणजे चकचकीत पारदर्शक लॅकरचा, हात दे, पूर्ण वाळू दे.

डेकल कोमट पाण्यात अर्धा मिनिट बुडव, मग ओल्या कागदावर ठेव, आपसूक सुटेल. नाकावरचा नारिंगी पट्टा आधी लाव, तोच सगळ्यात त्रास देतो. वळणावर मायक्रो सोल (डेकल मऊ करणारं द्रव) लावलंस की डेकल सुरकुततं. तेव्हा मन घट्ट कर, बोट लावू नकोस! वाळताना ते स्वतःच ताणून बसतं. पहिल्या गाडीवर मी धीर सोडून चोळलं आणि नंबरच फाटला.

शेवटचा क्लिअर कोट हवाच, कारण ट्रॅकवरून उडालेली गाडी दहा हात उचलतात. पातळ थर मार, जाड थराने डेकल विरघळतं. आणि ठाण्यातल्या जुलैत लॅकर फवारू नकोस. दमट हवेत तो पांढरट पडतो. मी दसऱ्यानंतरच्या कोरड्या दुपारची वाट बघतो.