यार्डात उभ्या राहिलेल्या मशिनी

चि.,
अनेक आशीर्वाद.

रविवारी आपल्या ग्रुपबरोबर तळजाईच्या टेकडीवरून उतरताना तू जे बोललीस ते आठवडाभर डोक्यात घोळतंय. फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी ठेवलेल्या एफड्या मोडते आणि एनव्हिडिया, ब्रॉडकॉम, टीएसएमसी या चिप कंपन्यांच्या शेअरात टाकते, म्हणालीस. व्हॉट्सॲपवर उत्तर लिहायला बसलो आणि तीनदा खोडलं. एवढं सगळं अंगठ्याने टाइप करणं या वयात जमत नाही, म्हणून कागद घेतला.

आधी कबुली. चिपमधलं तुला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. तू बाणेरच्या ऑफिसात दिवसभर चिप डिझाइनमधल्या चुका शोधतेस. मी तीस वर्षं भोसरीत मशिनी विकल्या. परवा तू एचबीएम समजावून सांगितलंस ना, मेमरी लांब असली की प्रोसेसर नुसता वाट बघत बसतो, म्हणून मेमरीचे थर त्याच्या शेजारीच बसवतात, तेव्हा आपले मेडिकलवाले म्हणाले, "म्हणजे गोडाऊन दुकानाला लागूनच." मला पहिल्यांदा ते डोक्यात शिरलं. त्यानंतर तासभर नॅनोमीटरवर, म्हणजे चिपवरची नक्षी किती बारीक यावर, चर्चा झाली. नेदरलँड्समधली एएसएमएल ही एकच कंपनी चिपवर नक्षी छापणाऱ्या ईयूव्ही मशिनी बनवते, त्यात वितळलेल्या कथलाच्या थेंबांवर सेकंदाला 50 हजार वेळा लेझर मारतात, हे ऐकून तर मी चहा विसरलो. मशिनी विकणाऱ्याला दुसऱ्याची मशीन आवडली की तो असाच होतो.

पण त्या तासाभरात एकानेही विचारलं नाही की या चिप्स घेतं कोण, कुठल्या पैशाने घेतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा घेणार का. आपण टेक्नॉलॉजीवर बोलत होतो आणि समजत होतो की शेअरवर बोलतोय.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट ऐक. 1995 च्या सुमाराला आमची डिलिव्हरी दहा महिन्यांवर गेली होती. पर्चेस ऑफिसर, जे एरवी आम्हाला दोन-दोन तास बाहेर बाकावर बसवायचे, ते स्वतः गाडी काढून भोसरीला येत आणि ॲडव्हान्सचा चेक टेबलावर ठेवत. आमचे साहेब म्हणायचे, मागणीला अंतच नाही. आम्ही नवीन शेड बांधली, माणसं भरली. मला इन्सेंटिव्ह मिळाला, त्यात बायकोला पाटल्या केल्या. ज्याला तीन मशिनी हव्यात तो पाचांची ऑर्डर देतोय, दोन आमच्याकडे आणि तीन दुसरीकडे, जो आधी देईल त्याच्या घ्यायच्या, हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. खरं तर आलं होतं, पण कोणाला ते बघायचं नव्हतं. सत्त्याण्णवात एक दिवस फोन आला, "डिस्पॅच थांबवा." आठवड्याभरात तसे चार फोन. तयार मशिनी, गंज धरू नये म्हणून ऑइल लावून, लाकडी खोक्यात भरून यार्डात उभ्या. पावसाळा आला तेव्हा त्यांच्यावर ताडपत्र्या टाकताना मी स्वतः दोरी धरली आहे. गाड्या विकल्या जातच होत्या, देशात कारखाने चालूच होते. फक्त नवीन मशीन कोणाला नको होती, कारण दोन वर्षांत सगळ्यांनी घेऊन ठेवली होती.

एआयची चिप ही अशीच कॅपिटल गुड्स आहे बघ. ती साबणासारखी दर महिन्याला संपत नाही. एखाद्या कंपनीला वाटतं की पुढे काम येणार आहे, म्हणून ती आज घेऊन ठेवते. आणि घेणारे तरी किती? मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन, गूगल, मेटा आणि आणखी मोजके. आमच्या भाषेत चार गिऱ्हाइकांवर उभं असलेलं वर्कशॉप. त्यातही हे चौघे आपापली चिप बनवताहेत. गूगलची टीपीयू 2015 पासून त्यांच्या डेटा सेंटरमध्ये चालतेय, ॲमेझॉनची ट्रेनियम आहे, मायक्रोसॉफ्टची माया. गिऱ्हाइकाने स्वतःची टूलरूम काढली की सप्लायरने काय समजायचं ते भोसरीतलं शेंबडं पोरही सांगेल. (तुझ्या यादीतल्या ब्रॉडकॉमला उलट याच टूलरूमची कामं मिळतात. म्हणजे एनव्हिडिया आणि ब्रॉडकॉम दोन्ही घेताना तू दोन वेगवेगळ्या गोष्टींवर बोली लावते आहेस. हे परवा तुझ्या बोलण्यात आलं नाही, म्हणून विचारतो: माहीत होतं का?)

इंटरनेटची यंत्रं बनवणाऱ्या सिस्कोचं उदाहरण आपले बँकवाले नेहमी देतात आणि तुम्ही तरुण मंडळी "तेव्हाची गोष्ट वेगळी होती" म्हणून उडवून लावता. पण ते नीट बघ. इंटरनेट येणार, जग बदलणार, हे सिस्को घेणाऱ्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरलं. मार्च 2000 मध्ये ती जगातली सगळ्यात मोठ्या बाजारमूल्याची कंपनी होती, भाव 80 डॉलर. 2001 मध्ये न खपलेल्या मालापायी तिला सव्वादोन अब्ज डॉलर तोट्यात टाकावे लागले. तिच्याकडेही डबल ऑर्डरी होत्या, आमच्यासारख्याच. 2002 मध्ये भाव 10 डॉलरच्याही खाली गेला. कंपनी बुडाली नाही. पंचवीस वर्षांत तिची विक्री तिप्पट झाली. तरी तो जुना 80 डॉलरचा भाव पुन्हा बघायला 2025 चा डिसेंबर उजाडला. ज्याने तिशीत घेतला तो पंचावन्नचा झाला.

एनव्हिडिया म्हणजे सिस्को, असं मी म्हणत नाही. तिचा नफा आज खरा आहे, हातात पैसा येतोय, आणि 2006 पासून कुडावर, म्हणजे तिच्या चिप्सवर काम करून घ्यायच्या सॉफ्टवेअरवर, तिने जो जीव ओतला त्याचं फळ तिला मिळालं. 2012 मध्ये टोरांटोच्या तिघांनी एनव्हिडियाची गेम खेळायची दोन कार्डं लावून चित्रं ओळखण्याची स्पर्धा जिंकली, त्या दिवशी ज्याने हा शेअर घेतला त्याचं भलं झालंच. पण त्यालाही 2018 च्या शेवटच्या तीन महिन्यांत भाव निम्म्याखाली गेलेला बघावा लागला. क्रिप्टोवाल्यांची खरेदी थांबली होती, कार्डं दुकानात पडून होती. पुन्हा 2022 मध्ये शिखरावरून दोन तृतीयांश पडझड. 27 जानेवारी 2025 ला चीनच्या डीपसीक या एआयच्या धास्तीने एका दिवसात सतरा टक्के, म्हणजे जवळपास 59 हजार कोटी डॉलर उडाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात कंपनी 5 लाख कोटी डॉलरच्या पुढे गेली. हे दोन्ही एकाच शेअरमध्ये, एकाच वर्षात. तुला ज्या वर्षी बिल्डरला हप्ता द्यायचाय ते वर्ष यातलं कोणतं निघेल?

आता थोडं हिशेबाचं, मला सगळ्यात जास्त रस यातच आहे. मशीन घेतली की तिचा घसारा, म्हणजे किमतीचा खर्च, किती वर्षांत टाकायचा, यावर नफा ठरतो. 2025 च्या सुरुवातीला मेटाने आपल्या सर्व्हरचं आयुष्य वाढवून साडेपाच वर्षं धरलं. त्याच महिन्यापासून ॲमेझॉनने काही सर्व्हरचं सहावरून पाचावर आणलं आणि कारण दिलं की एआयमुळे तंत्रज्ञान फार वेगाने बदलतंय. एकाच धंद्यातले दोन शहाणे लोक, एकाच वेळी, उलट दिशेने! चिप तीन वर्षांत जुनी होणार असेल, तर आज जो नफा दिसतोय त्यातला काही पुढच्या वर्षाच्या खिशातून काढलेला आहे. वर सप्टेंबर 2025 मध्ये एनव्हिडियाने जाहीर केलं की चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयमध्ये टप्प्याटप्प्याने 100 अब्ज डॉलरपर्यंत घालायचा इरादा आहे, आणि ओपनएआय एनव्हिडियाच्याच चिप्स लावणार. मशीन विकणाराच गिऱ्हाइकाला पैसे पुरवायला लागला की आमचा अकाउंट्सवाला चष्मा पुसायला घ्यायचा. यात लबाडी आहे असं नाही. असे सौदे चालतातही. फक्त त्या विक्रीला "मागणी" म्हणताना जरा आवाज खाली ठेवावा.

तुम्हा पुण्याच्या चिपवाल्यांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आपल्या गणेशखिंडीतच घडली. अमेरिका सुपरकॉम्प्युटर द्यायला तयार नव्हती, म्हणून 1988 मध्ये सी-डॅक निघालं आणि 1991 मध्ये भटकरांच्या चमूने परम 8000 उभा केला. एक बलाढ्य प्रोसेसर नाही तर पुष्कळ छोटे एकत्र जुंपायचे, ही त्यामागची कल्पना. तू म्हणतेस तीच, एनव्हिडियाच्या जीपीयू चिपवाली. त्यात ट्रान्सप्युटर नावाच्या चिप्स होत्या, ब्रिटनच्या इनमॉसच्या. कल्पना इतकी बरोबर की आज सगळं जग त्यावर चाललंय. आणि इनमॉस? परम तयार होण्याआधीच, 1989 मध्ये, ती दुसऱ्या कंपनीला विकली गेली होती. 2020 मध्ये सी-डॅकच्या परम सिद्धी-एआयमध्ये एनव्हिडियाच्या चिप्स बसल्या.

माझी स्वतःची फजितीही सांगतो, नाहीतर काका नुसता उपदेश करतो म्हणशील. 1999 च्या दिवाळीनंतर मी सॉफ्टवेअरचे शेअर घ्यायला लागलो. तेव्हा कुमठेकर रस्त्यावर पुणे स्टॉक एक्स्चेंज होतं, त्या भागातल्या एका सब-ब्रोकरकडे संध्याकाळी आमची बैठक असे. एक कंपनी आधी पशुखाद्य बनवायची, तिने नावात "सॉफ्टवेअर" घातलं आणि भाव रोज वरच्या सर्किटला, म्हणजे दिवसाच्या वरच्या मर्यादेला. 38 ला घेतला, 90 ला पाहिला, विकला नाही. आणखी घेतला. पुढे केतन पारेख या दलालाच्या घोटाळ्याचं प्रकरण झालं, बाजार बसला, आणि माझ्या शेअरला गिऱ्हाईकच उरलं नाही. ती सर्टिफिकिटं अजून गोदरेजच्या कपाटात लग्नाच्या अल्बमखाली आहेत. बायको झाडलोट करताना दरवर्षी विचारते, "हे ठेवायचंय का?" संगणक जग बदलणार, हे मी बरोबर ओळखलं होतं की नाही सांग. आजही ज्यांच्या नावात अचानक "एआय" उगवलंय त्यांच्या टिपा आपल्या ग्रुपवर येतात, तेव्हा मला त्या पशुखाद्याचा वास येतो. टाटांचा गुजरातेतला धोलेऱ्याचा चिप प्रकल्प खरा आहे, पण तिथे 28 नॅनोमीटर आणि त्याहून जाड चिप्स व्हायच्या आहेत, गाड्यांसाठी, पॉवरसाठी. त्याच्या नावाखाली कोणी तुला "भारताची एनव्हिडिया" विकत असेल तर फोन ठेव. आणि ऑप्शन्सचं नाव काढू नकोस. सेबीनेच मोजलंय, 2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या सामान्यांपैकी 93 टक्के तोट्यात होते.

आता तुझं. तुझा पगार चिपचा. तुझे आरएसयू, म्हणजे कंपनीने पगाराबरोबर दिलेले शेअर, तेही चिपचे. उद्या चिपवाल्यांनी खर्च आवरला तर इन्क्रिमेंट थांबेल, आरएसयूचा भाव पडेल, कदाचित ऑफिसातून नको तो ईमेलही येईल, आणि नेमकी त्याच महिन्यात तू डाउन पेमेंटचे शेअर विकायला निघशील. मला वाटतं तुझ्याकडे चिप आधीच भरपूर आहे, फक्त ती डिमॅटमध्ये दिसत नाही. आरएसयू हातात पडतात तेव्हा त्यावर पगारासारखा टॅक्स कापून झालेला असतो. त्या दिवशी स्वतःला विचार, एवढा बोनस रोख मिळाला असता तर मी आज याच भावाने हाच शेअर घेतला असता का? नसता घेतला तर विक.

फ्लॅटच्या एफड्यांना हात लावू नकोस. चिपची हौस आहे तर महिन्याच्या बचतीतला एक तुकडा घाल, तो निम्मा झाला तरी जेवण गोड लागेल एवढाच. इथल्या परदेशी ईटीएफमधून घेणार असशील तर एनएव्हीच्या, म्हणजे आतल्या शेअरांच्या खऱ्या किमतीच्या, वर किती भाव चाललाय ते आधी बघ. फंडांच्या परदेशी गुंतवणुकीला मर्यादा आहे, म्हणून कधीकधी लोक शंभराची वस्तू एकशेदहाला घेतात. थेट अमेरिकेत घेतलास तर चोवीस महिन्यांनंतर विकल्यास नफ्यावर साडेबारा टक्के टॅक्स, आधी विकल्यास तुझ्या स्लॅबने. रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भर, आणि तो कॅलेंडर वर्षाचा असतो, मार्चचा नाही. तुझे आरएसयूही त्यात येतात, ते भरलेस का हे सीएला आजच विचार. आणखी एक, जे कोणी सांगत नाही: परदेशी माणसाच्या नावावर अमेरिकेतले 60 हजार डॉलरच्या वरचे शेअर असताना तो गेला, तर तिथे वारसा कर लागू शकतो. तुझ्या वयाला हे अभद्र वाटेल, पण आईला तरी सांगून ठेव की खातं कुठे आहे.

आणि एक वही कर. घेण्याआधी चार ओळी: कोणाचा पैसा, कोणत्या भावाला घेतला, आणि काय दिसलं तर विकायचं. "भाव पडला तर" असं लिहू नकोस. "मोठ्या गिऱ्हाइकाने खर्चाचा आकडा खाली आणला तर", "डिलिव्हरी अचानक लवकर मिळायला लागली तर", असं काहीतरी. डिलिव्हरी लवकर मिळायला लागणं हे गिऱ्हाइकाला सुख वाटतं. विकणाऱ्याच्या पोटात तेव्हा गोळा येतो, हे मी अनुभवाने सांगतो.

रविवारी येताना ब्रोकरचं स्टेटमेंट प्रिंट काढून आण. फोनवर दाखवू नकोस, मला ती अक्षरं दिसत नाहीत. मी कपाटातली सर्टिफिकिटं आणतो, मेडिकलवाल्यांना बघायची आहेत.

तुझा,
काका

ता. क. एफडी मोडून झालीच असेल तर रागावणार नाही. पण रविवारची वाट न बघता आजच फोन कर.