‘दर रविवारी’ म्हणजे नक्की कोणता रविवार?

चर्चच्या कार्यक्रमांची यादी संगणकावर सांभाळणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी बरीच आली. बहुतेकांकडे गुगल कॅलेंडर आहे, म्हणून उत्तरंही त्याला धरूनच दिली आहेत.

प्रश्न : आमच्या रविवारच्या ७ च्या मिस्साची (चर्चमधल्या मुख्य उपासनेची) वेळ जूनपासून ७.३० करायची होती. बदल केला तर मागच्या वर्षभराच्या मिस्साही ७.३० च्या झाल्या. दुसऱ्या पद्धतीने केला, तर सणाच्या रविवारी मुद्दाम बदलून ठेवलेली वेळ पुसली गेली. काय चुकतंय? (गोराई)

दर आठवड्याला आपोआप येणाऱ्या नोंदींच्या मालिकेतली एखादी नोंद बदलून ‘सेव्ह’ केलं की कॅलेंडर तीन पर्याय विचारतं : ‘धिस इव्हेंट’, ‘धिस अँड फॉलोइंग इव्हेंट्स’ आणि ‘ऑल इव्हेंट्स’. पहिल्या वेळी तुम्ही तिसरा निवडला, म्हणून जुन्या नोंदीही बदलल्या. वार्षिक अहवालासाठी मागचं वेळापत्रक कुणी मागितलं तर ते आता चुकीचं निघेल.

दुसऱ्या वेळचा पर्याय बरोबर होता, पण त्याची खोड माहीत हवी. ‘धिस अँड फॉलोइंग’ केलं की जुनी मालिका त्या तारखेच्या आधी संपते आणि पुढे नवीन मालिका सुरू होते. पुढच्या तारखांना आधी केलेले किरकोळ बदल या नव्या मालिकेत येत नाहीत. म्हणून क्रम असा ठेवा. पुढच्या सगळ्या अपवादांच्या तारखा कागदावर उतरवा. मग नवी वेळ ज्या रविवारपासून लागू आहे (२०२६ मध्ये जूनचा पहिला रविवार ७ तारखेला आहे), तीच नोंद उघडून बदल करा. अपवाद त्यानंतर एकेक करून ‘धिस इव्हेंट’ने घाला. आधी अपवाद आणि मग मालिका असं केलंत, तर काम दोनदा करावं लागेल.

सणाच्या दिवसासाठी मात्र मालिकेतली नोंद वाकवूच नये, असं आमचं मत आहे. त्या रविवारची नेहमीची मिस्सा तेवढी काढा आणि सणाच्या मिस्साची स्वतंत्र नोंद करा. पुढे मालिका बदलली तर काढलेली मिस्सा पुन्हा उगवेल आणि ती परत काढावी लागेल. पण सणाची वेळ, मिरवणुकीचा मार्ग, नोव्हेनाचं (नऊ दिवसांच्या प्रार्थनांचं) वेळापत्रक हे सगळं शाबूत राहतं.

आणखी एक. मालिकेला ‘नेव्हर’ असा शेवट देऊ नका. आगमनकाळ (नाताळाच्या तयारीचा काळ) सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात ती संपवा. वर्षातून एकदा सगळ्या वेळा फादरांसमोर ठेवून नव्याने घालणं भाग पडतं, आणि तीन वर्षांपूर्वी बंद पडलेली बुधवारची प्रार्थनासभा यादीत जिवंत राहत नाही.

प्रश्न : राखेचा बुधवार, झावळ्यांचा रविवार वगैरे दरवर्षी नव्याने टाकावे लागतात. ‘दरवर्षी’ असं एकदाच लावून ठेवता येत नाही का? (वांद्रे)

ईस्टरवर अवलंबून असलेल्या दिवसांना नाही. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कुठेही येतो, आणि चर्चच्या पौर्णिमेच्या गणितावर ठरणारी ही तारीख कॅलेंडरच्या पुनरावृत्तीच्या नियमात बसत नाही. राखेचा बुधवार ‘फेब्रुवारीचा तिसरा बुधवार, दरवर्षी’ असा लावला, तर २०२६ ला बरोबर येतो (१८ फेब्रुवारी) आणि २०२७ ला आठवडाभर चुकतो. त्या वर्षी तो १० फेब्रुवारीला आहे.

एक्सेलमध्ये एक छोटा तक्ता करा. बी१ या चौकटीत ईस्टरची तारीख लिहा, बाकीचं वजाबाकी-बेरजेने निघतं. राखेचा बुधवार बी१ वजा ४६, झावळ्यांचा रविवार वजा ७, पवित्र गुरुवार वजा ३, गुड फ्रायडे वजा २, पेंटेकॉस्ट (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण) अधिक ४९. २०२७ चा ईस्टर २८ मार्चला आहे. म्हणजे झावळ्यांचा रविवार २१ मार्च, गुड फ्रायडे २६ मार्च, पेंटेकॉस्ट १६ मे. क्रूसाच्या वाटेचे (ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या प्रार्थनेचे) शुक्रवारही याच तक्त्यातून काढा.

ठरलेल्या तारखेचे सण सोपे वाटतात, पण तेही कधी हलतात. मरियेला देवदूताने दिलेल्या निरोपाचा सण २५ मार्चला असतो. २०२७ मध्ये त्या दिवशी पवित्र गुरुवार आहे, म्हणून कॅथलिक चर्चमध्ये हा सण सोमवारी, ५ एप्रिलला जाईल. कॅलेंडर हे स्वतःहून करणार नाही.

तुमच्या वांद्र्याच्या मोत माउलीचं (माउंट मेरी चर्चच्या सणाचं) मात्र बरं आहे. सणाचा दिवस म्हणजे ८ सप्टेंबरला किंवा त्यानंतर येणारा पहिला रविवार. ८ ते १४ या तारखांमधला रविवार म्हणजे नेहमी महिन्याचा दुसरा रविवार. त्यामुळे ‘दरवर्षी सप्टेंबरचा दुसरा रविवार’ हा नियम बिनधास्त लावा. २०२६ मध्ये तो १३ तारखेला येतो आणि लगेच दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी आहे, तेव्हा रस्त्यांबद्दल आणि पार्किंगबद्दल दोन ओळी वर्णनात आधीच घाला. हीच युक्ती आगमनकाळाच्या पहिल्या रविवाराला लावू नका. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरमध्ये फिरतो : २०२६ ला नोव्हेंबरचा पाचवा रविवार (२९), २०२७ ला चौथा (२८), तर २०२८ ला थेट ३ डिसेंबर.

प्रश्न : आमची सकाळी ७ ची उपासना वेबसाइटवर दुपारी १२.३० ची दिसते. दुबईतले नातेवाईक तर साडेपाच म्हणतात! (गिरगाव)

दुबईवाल्यांचं बरोबर आहे. भारतात ७ वाजतात तेव्हा तिथे ५.३० च झालेले असतात आणि त्यांचा फोन त्यांची स्थानिक वेळ दाखवतो. थेट प्रक्षेपण बघणाऱ्यांसाठी ते हवंच आहे. ते ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका.

१२.३० ही मात्र चूक. आपली वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, साडेपाच तास पुढे आहे. ७ ही वेळ यूटीसी समजून साठवली गेली की भारतात ती १२.३० होते. उलट प्रकारही घडतो : नोंद बरोबर असते, पण वेबसाइट यूटीसीवर ठेवलेली असते, मग पहाटे १.३० दिसतात. फरक कोणत्या दिशेला आहे यावरून बिघाड कुठे आहे ते कळतं. १२.३० असेल तर कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये आणि त्या नोंदीत ‘टाइम झोन’ बघा, १.३० असेल तर वेबसाइटच्या. वेबसाइट वर्डप्रेसवर बनवलेली असेल तर ‘सेटिंग्ज’मधल्या ‘जनरल’मध्ये ‘कोलकाता’ निवडा. आधी सेटिंग, मग नोंदी. नोंदींच्या वेळा साडेपाच तास मागेपुढे करून भागवलंत, तर कुणीतरी नंतर सेटिंग सुधारेल आणि सगळंच पुन्हा बिघडेल.

प्रश्न : एक्सेलमधली वर्षाची यादी एकदम चढवली. मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं आली, काही तारखा भलत्याच महिन्यात गेल्या. पुन्हा चढवली तर सगळं दुप्पट झालं. (माहीम)

प्रश्नचिन्हांचं कारण : फाइल साध्या सीएसव्हीत (रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेल्या मजकुराच्या फाइलीत) जतन झाली. ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा वेगळा प्रकार असतो, तो घ्या. पहिल्या ओळीतली शीर्षकं (सब्जेक्ट, स्टार्ट डेट, स्टार्ट टाइम, लोकेशन वगैरे) मात्र रोमन लिपीत आणि गुगल सांगतं तशीच हवीत.

तारखांचा घोळ असा : गुगलच्या नमुन्यात महिना आधी आणि दिवस नंतर असतो. तुम्ही ईस्टर ०५/०४/२०२६ असा लिहिला की तो ४ मेला जाऊन बसतो आणि कुणाला संशयही येत नाही. सगळी यादी चढवण्याआधी ईस्टरची आणि नाताळची अशा दोनच ओळींची फाइल चढवून बघा. वर्णनात किंवा पत्त्यात स्वल्पविराम असेल, तर फाइल हाताने लिहिताना तो मजकूर दुहेरी अवतरणात ठेवा. नाहीतर पुढचे रकाने सरकतात.

दुप्पट होण्याचं कारण असं की सीएसव्हीच्या ओळीला स्वतःची ओळखखूण नसते. आयसीएस (कॅलेंडरच्या नोंदींसाठीच असलेल्या) फाइलमध्ये ती असते. सीएसव्ही पुन्हा चढवली की कॅलेंडरच्या लेखी प्रत्येक ओळ नवी. म्हणून आयात नेहमी वेगळ्या, रिकाम्या कॅलेंडरमध्ये करा. बिघडलं तर ते अख्खं कॅलेंडर काढून टाकता येतं आणि मूळ यादीला धक्का लागत नाही. आयातीचं काम संगणकावर होतं, फोनच्या अ‍ॅपमधून नाही.

प्रश्न : कार्यक्रम रद्द केला, नोंद काढली, तरी लोक आले. (भायखळा)

नोंद निमूटपणे गायब झाली की पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याला वाटतं, आपल्याच फोनचा घोळ. शिवाय दुव्यावरून दुसऱ्या कॅलेंडरमध्ये जोडलेली यादी ताजी व्हायला बारा तासही लागू शकतात, आणि वेबसाइटवर ‘कॅशे’ (पानाची साठवून ठेवलेली प्रत) असेल तर जुनं पान आणखी रेंगाळतं. नोंद काढू नका. शीर्षकाच्या सुरुवातीला ‘रद्द’ लिहा, वर्णनात कारण आणि नवी तारीख द्या, आणि दिवस उलटल्यावर हवं तर काढा. शेवटच्या तासातला बदल असेल (मेगाब्लॉक, पावसाचं पाणी), तर कॅलेंडरवर विसंबू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर कळवा.

प्रश्न : बदल करण्याचा अधिकार कुणाकुणाला द्यावा? (मालाड)

मूळ कॅलेंडर चर्चच्या नावाच्या खात्यात ठेवा. तरुण संघातल्या मुलाच्या खासगी खात्यात नको. तो नोकरीसाठी परगावी गेला की यादीही त्याच्याबरोबर जाते. नोंदी बदलण्याचा अधिकार दोघांना पुरे, इतरांना बदलांसह अधिकार वाटण्याची परवानगी देऊ नका. सभागृहाचं आरक्षण, वेदीसेवकांची पाळी आणि मिस्साचे हेतू (कोणती मिस्सा कुणासाठी) यांचं कॅलेंडर वेगळं आणि खासगी हवं. सार्वजनिक यादीच्या वर्णनात आजाऱ्यांची नावं आणि मोबाइल नंबर येता कामा नयेत.