बऱ्याच वर्षांनी पुन्हा एकत्र आलेल्या हेवी मेटल बँडचे अल्बम ऐकण्यासारखे असतात का? ब्लॅक सॅबथच्या ‘थर्टीन’पासून सुरुवात करू का?

असतात. पण ‘थर्टीन’पासून नको. करायचीच असेल तर कान ड्रमवर ठेवून करा.

या अल्बमचं कौतुक ठरलेलं असतं. गायक ऑझी ऑस्बॉर्न, गिटारिस्ट टोनी आयोमी आणि बासिस्ट गीझर बटलर यांनी १९७८ नंतर पहिल्यांदाच एकत्र पूर्ण स्टुडिओ अल्बम केला. २०१३ मध्ये तो ब्रिटनमध्ये एक नंबरला गेला, जे १९७० च्या ‘पॅरानॉइड’नंतर त्यांना जमलं नव्हतं. अमेरिकेत तर पहिल्यांदाच. आयोमी लिम्फोमाचे, म्हणजे एका कर्करोगाचे, उपचार घेत वाजवत होता. सगळं खरं आहे. मूळ ड्रमर बिल वॉर्ड त्यात नाही, हे मात्र लोक एका वाक्यात उरकतात. नोव्हेंबर २०११ मध्ये चौघांनी मिळून पुनरागमन जाहीर केलं आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये वॉर्डने सांगितलं की सही करण्यासारखा करारच आपल्यापुढे आला नाही. त्याच्या जागी रेज अगेन्स्ट द मशीनचा ब्रॅड विल्क आला.

विल्क वाईट ड्रमर नाही. पण निर्माता रिक रुबिनने या लोकांना त्यांचाच पहिला अल्बम ऐकवला आणि तसं काहीतरी हवंय म्हणाला. तो पहिला अल्बम एका दिवसात वाजवून मोकळा झालेला, आणि त्यातला वॉर्ड जॅझ ऐकून वाढलेला. तो रिफवर, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यावर, नुसता ठोकत बसत नाही. एक रिफ संपून पुढची सुरू व्हायच्या फटीत टॉमवरून (किटमधल्या घुमणाऱ्या ड्रमवरून) घरंगळत येतो, कधी जरा उशिरा. तो उशीरच त्या संगीताला जड करतो. ‘थर्टीन’मध्ये ती फट बुजलेली आहे. वर मास्टरिंग, म्हणजे आवाजाचा शेवटचा हात, इतकं दाबलंय की हळू आणि जोरात यात फारसा फरकच उरत नाही.

मला हे एवढं का लागतं? मी ड्रमर आहे. कॉलेजातला आमचा बँड नोकऱ्या-लग्नांत विरून गेला. कित्येक वर्षांनी गिटारिस्टने ग्रुप काढला, जुनी गाणी एकदा नीट रेकॉर्ड करू म्हणून. मी किट बाहेर काढलं, स्किन बदलल्या, हात पुन्हा बसवायला लागलो. आणि एका रात्री ग्रुपवर फाइल आली. गिटार, बास, गाणं आणि सॉफ्टवेअरमधले ड्रम. खाली ओळ : ‘ड्रम सध्या प्रोग्रॅम केलेत, काही सुचलं तर सांग.’

आमच्या सगळ्यात संथ गाण्यात कोरसच्या आधी मी हाय-हॅट (पायाने उघडमिट होणारी झांजांची जोडी) अर्धा उघडून सोडायचो. पाय जरा उशिरा मिटायचा आणि तो ‘त्स्स’ बरोबर गायकाच्या श्वासावर पडायचा. फाइलमध्ये तो ‘त्स्स’ होता! माझीच जागा उचललेली, पण सॉफ्टवेअरच्या ग्रिडवर मोजून बसवून, दर वेळी तेवढ्याच लांबीची. स्नेअर ड्रमवरच्या घोस्ट नोट्स, म्हणजे जेमतेम ऐकू येणारे हलके ठोके, साफ गायब. गिटारिस्टला फोन केला तर म्हणतो, ‘अरे, टायमिंग परफेक्ट आलंय, हाताने एवढं येत नाही.’ परफेक्टच तर नकोय, मी म्हटलं. त्यावर त्याचं कॉलेजपासूनचं पालुपद : ‘लोक रिफ ऐकतात रे, ड्रम कोण ऐकतं?’

असो. सुरुवात आयर्न मेडनच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’पासून करा. गायक ब्रूस डिकिन्सन आणि गिटारिस्ट एड्रियन स्मिथ १९९९ मध्ये परतले, तरी दरम्यान आलेल्या गिटारिस्ट यानिक गर्सला कुणी काढलं नाही. तीन गिटार ठेवल्या, बराचसा अल्बम एकत्र वाजवून रेकॉर्ड केला आणि २००० मध्ये आणला. पुनरागमन असं करतात. जुडास प्रीस्टचा ‘एंजल ऑफ रेट्रिब्युशन’ ठीक आहे. गायक रॉब हॅलफर्ड परतल्याच्या आनंदात लोकांनी त्याला जास्तच गुण दिले.

आता माझ्या विरोधात जाणारं उदाहरणही सांगतो. कार्कसचा ‘सर्जिकल स्टील’ (२०१३) जबरदस्त आहे आणि त्यात ड्रमर नवा आहे. पण मूळ ड्रमर केन ओवेनला मेंदूतल्या रक्तस्रावामुळे पूर्वीसारखं वाजवणं शक्य नव्हतं, तरी त्यांनी त्याचा आवाज अल्बमवर घेतला. आणि वॉर्डबद्दल ऑझीचं म्हणणं होतं की त्याची तब्येत दौऱ्याला पुरणार नाही. २०१३ मध्ये वॉर्डवर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्यात तथ्य असेलही. तरी जुलै २०२५ मध्ये बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर ऑझीच्या शेवटच्या कार्यक्रमात ड्रमवर वॉर्डच होता ना?

तुमचाही असा जुना बँड असेल तर आधी सगळ्यांना एका खोलीत वाजवू द्या, लॅपटॉप नंतर उघडा. आमचा गिटारिस्ट हे वाचणारच, म्हणून त्याच्यासाठी : दुसऱ्या कडव्याआधी रिफ चारदा नाही, पाचदा होती. पाचव्या वेळी मी एकटाच टॉमवर असायचो. ड्रम ऐकत असतास तर आठवलं असतं.